बारा वाजले

नोंदणीचा शेवटचा दिवस संपायला दीड तास.
डुलूथ, जानेवारी, बाहेर उणे तेवीस.
कचेरीत मी, हीटरची खरखर,
आणि वॉल्टर जाताना ठेवून गेलेला
सफरचंदाचा अर्धा केक.

नियम मीच टाइप केलेत, अकरा वर्षांपूर्वी.
कलम चार: अर्धवेळ विद्यार्थ्याने
प्रत्येक सत्रात निदान एक श्रेयांक घ्यावा.
खाडा झाला, तर नाव पटावरून निघेल.
मग पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा शिफारसपत्रं.
कलम नऊ: पदवी सात वर्षांत.
त्याआधी शिकलेलं कालबाह्य.
(मी 'शिळं' लिहिलं होतं. समितीने बदललं.
मनात मी अजून शिळंच म्हणते.)

अर्धवेळ हा शब्दही मला पटलेला नाही.
ज्यांचा पूर्ण वेळ आधीच कुणी घेऊन बसलंय
त्यांना आम्ही अर्धवेळ म्हणतो.
मार्लिस फॉसम रात्रपाळी उरकून
इस्पितळाच्या पार्किंगमध्येच, गाडीची काच पुसत,
संख्याशास्त्राचं व्याख्यान ऐकते.
तिच्याकडे लसीकरणाचा दाखला तीनदा मागितला गेला.
ती दिवसाला साठ जणांना लस टोचते,
हे यंत्राला कुठे ठाऊक!
शेवटी कलम बारा शोधून दिलं:
जे आवारात पाऊलच ठेवणार नाहीत
त्यांना दाखल्याची सूट.

अकरा बाराला रायनो हातायाचा मेल.
रायनो खनिजवाहू जहाजावर, इंजिनखोलीत.
वय एक्कावन्न. त्याला शाळेत ग्रंथपाल व्हायचंय.
"पंप गळत होता. आत्ता वर आलो.
बारा वाजून गेले, म्हणजे नाव गेलं.
पाच वर्षं सांभाळलंत, आभार.
डेकवर बर्फ फार आहे."
एवढंच.

सरोवर एवढं अफाट
की त्याच्या दोन टोकांना दोन वेळा.
त्याचं जहाज अजून पूर्वेकडच्या तासात.
आणि कलम चारच्या तळटीपेत लिहिलंय:
मुदत विद्यापीठाच्या घड्याळाप्रमाणे.
ती तळटीप कुणी वाचत नाही.
लिहिली मी, आणि मीही विसरले होते.

कळवलं: रायनो, बारा तुमचे वाजलेत,
आमचे वाजायला अजून पाऊण तास आहे.

त्याच्या नावाने बटण मला दाबता येत नाही.
कलम तीन: ज्याची नोंदणी त्यानेच करावी.
एका नवऱ्याने बायकोचं नाव परस्पर काढलं होतं,
तेव्हापासूनचं कलम. तेही माझंच.

अकरा एकतीस. काही नाही.
अकरा चव्वेचाळीस. पडद्यावर त्याचं नाव हिरवं झालं,
विझलं.
मी केक खाल्ला. सगळा.
अकरा त्रेपन्न. पुन्हा हिरवं, आणि खाली लाल ओळ:
खाते रोखलेले आहे. ग्रंथालयाचा दंड,
चार डॉलर दहा सेंट.
टपालाने नेलेलं एक पुस्तक त्याने उशिरा परत केलं होतं.
होऊ घातलेला ग्रंथपाल!

दंड कुणी भरावा
याबद्दल एकाही कलमात अक्षर नाही.
मी दोनदा तपासलं,
मग पाकीट उघडलं.
कार्डाचा नंबर टाकताना बोटं चुकत होती,
जणू इंजिनखोलीत मीच होते.

अकरा अठ्ठावन्न.
हाताया, रायनो. अर्धवेळ. एक श्रेयांक.
विषय: सहावीपर्यंतच्या मुलांचं वाचन.
स्थिती: चालू.

हीटर बंद केला. दिवा राहू दिला,
सफाईवाली पाचला येते.
त्याचं जहाज उद्या केव्हातरी बंदराला लागेल,
तेव्हा घड्याळ एक तास मागे घेईल,
आणि त्या तासात, मला वाटतं, तो झोपेल.

तळटीप वर घ्यायला हवी, ठळक अक्षरात.
समितीची बैठक मार्चमध्ये आहे.